काकांच्या नावाची बाटली

मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाला भेटायला येणारे लोक हमखास दोन गोष्टी सांगतात. एक, पाणी भरपूर पीत जा. दुसरी, काळजी करू नकोस. यातली पहिली आमच्या जिवावर उठणारी असते आणि दुसरी कोणाला जमलेली मी अजून पाहिलेली नाही. म्हणून मी इथे सल्ले देत बसणार नाही. माझ्या बाबतीत काय झालं तेवढं सांगते. ज्यांच्या घरात हे दुखणं बापाकडून मुलांकडे चालत आलंय, त्यांना त्यातलं काही उपयोगी पडलं तर बरंच आहे.

मी वंदना. नेरूळला राहते आणि बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळते. माहेर सातारा जिल्ह्यातलं. नवरा, प्रकाश, पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पाळीवर जातो. बाबा गेल्यापासून आई आणि धाकटा भाऊ सतीश आमच्याच सोसायटीत, खालच्या मजल्यावर राहतात.

सोनोग्राफी

पंच्याण्णव साली माझे पाय सुजायला लागले. ऑफिसातल्या बायका म्हणाल्या, बैठं काम आहे, होतं असं. मग तोंड सुजलं, जेवण नकोसं झालं, दोन जिने चढले की धाप लागायची. शेवटी प्रकाशने धरून वाशीला नेलं. डॉक्टरांनी पोटावरून यंत्र फिरवलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. दोन्ही मूत्रपिंडं पाण्याच्या गाठींनी भरलेली होती, द्राक्षांचे दोन घड असावेत तशी.

"वडील कशाने गेले?" त्यांनी विचारलं.

"पोट फुगून."

"आणि आजोबा?"

"तेही तसेच."

आमच्या घरातली माणसं चाळिशी-पन्नाशीत पोट फुगून जायची. गावात त्याला करणी म्हणायचे. डॉक्टर म्हणाले, करणी वगैरे काही नाही, हे रक्तातून येतं, आई किंवा वडील यांपैकी एकाला असलं की प्रत्येक मुलाला अर्धी-अर्धी शक्यता. आता मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायचं आणि नवं मूत्रपिंड मिळतं का ते बघायचं.

मी मान डोलावली. घरी येऊन सकाळचा डबा उघडला आणि गवारीची भाजी-पोळी खाल्ली, कारण ती तशीच राहिली असती तर आंबली असती. प्रकाश गॅलरीत जाऊन रडला. मला काही वाटलं नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात तेव्हा गाल आपला असून आपला नसतो, तसं माझं सगळंच झालं होतं. ते पुढे बरेच महिने तसंच राहिलं. कोणाला असं होत असेल तर आपण दगड झालोय असं समजू नये, एवढंच सांगते.

मशीन

आठवड्यातून दोनदा डायलिसिस. हातातली शीर आणि धमनी जोडून घेतलेली, त्या जागी बोट ठेवलं की आत काहीतरी घरघरायचं. माझी मुलगी ऋतुजा तेव्हा आठ वर्षांची होती, तिला त्या घरघरीची फार गंमत वाटे. मैत्रिणींना बोलावून आणायची आणि हात लावू द्यायची.

मशीनवरच्या चार तासांत तहानेशिवाय दुसरा विचार सुचत नसे. दिवसाचं पाणी मोजून मिळायचं. डायलिसिसच्या खोलीत दिवाळे गावच्या कोळीण मंजुळामावशी आया होत्या. पहाटे नवऱ्याने आणलेली मासळी वाटे लावून विकायच्या आणि मग ड्यूटीवर यायच्या. नर्सची पाठ वळली की त्या बर्फाचा एक खडा माझ्या तोंडात सरकवायच्या.

"पानी नको मांगू बाय. ह्यो बरफ हाय, चघळीत ऱ्हा. दिसत नाय कोनाला."

मासळीच्या खोक्यातला असावा, थोडा वास यायचा. पण इतकं चांगलं मी त्या वर्षात दुसरं काही खाल्लं नाही.

कोणाचं घ्यायचं

मूत्रपिंड द्यायला तिघं तयार होती. प्रकाशचा रक्तगट जुळला नाही. तपासणीच्या दिवशी तो नवा शर्ट घालून गेला होता. गट जुळत नाही म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर सुटल्यासारखं आलं आणि लगेच त्याची लाजही आली. मी पाहिलंच नाही असं दाखवलं. घरात आजार आला की अशा पुष्कळ गोष्टी न पाहिल्यासारख्या कराव्या लागतात.

आईचा गट जुळत होता, पण तिचं बीपी थोडं वर असायचं. पन्नाशी ओलांडलेली. सोनोग्राफी स्वच्छ, त्यामुळे आजार तिच्या बाजूचा नाही हे नक्की. तरी डॉक्टरांनी तिला दुसऱ्या नंबरवर ठेवलं. पहिला नंबर सतीशचा. तो तेवीस वर्षांचा, वाशीत कॉम्प्युटर जोडायच्या दुकानात नोकरीला, गट तोच, प्रकृती ठणठणीत.

"ताई, टेन्शन घेऊ नको. दोन किडन्या दिल्यात देवाने, एक स्पेअरच आहे."

त्याचीही सोनोग्राफी स्वच्छ होती. पण डॉक्टर अडून बसले. या वयात गाठी दिसत नाहीत म्हणजे आजार नाही असं होत नाही, ते म्हणाले. उद्या याच्यातच तो निघाला तर तुम्हाला आजारी मूत्रपिंड मिळेल आणि याच्याकडे एकच उरेल. मुंबईत एका संस्थेत आनुवंशिक आजारांचं गणित मांडणाऱ्या एक बाई होत्या, सुलभा मॅडम. डॉक्टरांनी आम्हाला त्यांच्याकडे पाठवलं.

लाल आणि हिरवा

सुलभा मॅडम माझ्याच वयाच्या. खोलीत एक कॉम्प्युटर, त्याच्यावर टर्किश टॉवेल टाकलेला, आणि बाजूला चहाचे तीन रिकामे कप. पहिल्यांदा त्यांनी आमची सगळी नातीगोती विचारली. माझी आई बाबांची मामेबहीण, हे ऐकल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला.

"अहो, तुम्ही लोक मामाच्या मुलीशी लग्नं करता आणि माझं मशीन दोन-दोन दिवस घुमत बसतं."

मला जे समजलं ते असं. आजाराची ती जागा तेव्हा त्यांना सरळ वाचता येत नव्हती. तिच्या शेजारच्या खुणा मात्र वाचता यायच्या. शेजाऱ्यांच्या पाट्या वाचत आपण एखादं घर शोधतो, तसं. प्रत्येकाकडे खुणांची एक जोडी, एक आईकडून आलेली आणि एक बाबांकडून. मॅडमनी स्केचपेनांनी ठिपके काढून दाखवले. आईकडे एक लाल, एक हिरवा. माझ्याकडे एक लाल, एक हिरवा. सतीशकडे दोन्ही लाल.

"म्हणजे सतीशला बाबांकडून लाल आला, यात वाद नाही. तुम्हाला आजार बाबांकडून आलाय. पण बाबांकडून तुम्हाला लाल आला की हिरवा? आई-बाबा एकाच नात्यातले, त्यामुळे रंग सारखे. ते इथून कळत नाही."

"आणि हिरवा आला असेल तर?"

"तर तुमच्या बाबांच्या घरात आजार हिरव्याबरोबर चालतो आणि सतीश सुटला. लाल आला असेल तर त्याच्याकडेही आहे."

"पण आईकडेपण लाल आहे. तिला कुठे काय झालंय?" सतीशने विचारलं.

"तिचा लाल नुसताच लाल. बाबांच्या लालच्या शेजारी आजार राहतो का, ते बघायचंय."

बाबा तर गेले होते. म्हणून त्यांच्या भावंडांचं रक्त हवं होतं. गावी दोन आत्या होत्या, धडधाकट, आणि धाकटे विठ्ठलकाका, ज्यांना साताऱ्याच्या डॉक्टरांनी हाच आजार सांगितला होता. सगळ्यांच्या खुणा भरल्या की कॉम्प्युटर एकेक शक्यता धरून बघणार. आजार लालबरोबर चालत असेल तर या घरात रंग असे पडणं किती संभवतं, हिरव्याबरोबर असेल तर किती. दोन्हींची तुलना करून तो आकडा देणार.

"तो चुकतो का?" मी विचारलं.

"गणित सहसा नाही चुकत. पण तो तुमच्यावर विश्वास ठेवतो. नातं तुम्ही सांगाल ते खरं, असं धरूनच तो चालतो."

ऋतुजाचं रक्त त्यांनी मागितलं नाही आणि मीही देऊ केलं नाही. मोठी झाल्यावर तिचं ती ठरवेल.

जावयाचा पाहुणचार

मला प्रवास झेपत नव्हता म्हणून बर्फाचा डबा आणि रिकाम्या बाटल्या घेऊन प्रकाश गावी गेला. काकांच्या धाकट्या मुलीचं लग्न व्हायचं होतं. रक्ताचा आजार म्हणून बोभाटा झाला तर स्थळं फिरकणार नाहीत, या भीतीने काका आधी नाहीच म्हणत होते. वंदनासाठी रक्त हवंय एवढंच म्हणत प्रकाशने हातापाया पडून त्यांना तयार केलं. मग गावातल्या दवाखान्याचा कंपाउंडर बोलावला. प्रकाश पडला घरचा जावई. त्याला रक्त काढताना बघत उभं कसं ठेवणार? ओसरीवर पाट मांडून त्याला जेवायला बसवलं, आग्रह करकरून पुरणपोळ्या वाढल्या. आतल्या खोलीतून नावं लिहिलेल्या बाटल्या भरून आल्या.

तीन-चार आठवड्यांनी मॅडमचा निरोप आला. काकांच्या बाटलीत हिरवा होता, लाल नव्हता. आजार हिरव्याबरोबर चालत होता. सतीशकडे नसण्याची शक्यता शंभरात पंच्याण्णव. खात्रीसाठी अजून दोन-तीन जागांच्या खुणा वाचायच्या आहेत, मग लेखी देईन, असं त्या म्हणाल्या.

आईने सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. प्रकाशने सोसायटीत पेढे वाटले. सतीश रजेचं बोलून आला. मी पेढा खाल्ला, सगळ्यांकडे बघून हसले आणि आत जाऊन पडले. आनंद व्हायला हवा होता. तो शेजारच्या घरात झाल्यासारखा ऐकू येत होता.

नाजूक प्रश्न

पंधरवड्याने ऑफिसात मॅडमचा फोन आला.

"वंदनाताई, जरा नाजूक विचारते. विठ्ठलकाका तुमच्या बाबांचे सख्खे भाऊच ना?"

"एका आईबापाचे."

"बाकीच्या जागांवर ते बसतच नाहीत हो. आत्यांशी जुळत नाहीत, तुमच्याशीही नाहीत. मशीन म्हणतंय हा माणूस या घरातला नाही. अशा गोष्टी आम्हाला कधीकधी दिसतात. बाहेर कुठे बोलू नका, पण मला कळायला हवं."

त्या काय सुचवतायत ते मला समजलं. घरी येऊन आईला जमेल तितक्या आडून सांगितलं. आईला आडून सांगितलेलं कळत नाही असं कधी झालेलं नाही.

"माझ्या सासूवर आळ घेतीया व्हय ती मशीन?" ती ताडकन उठली. "सख्खी आत्या हुती ती माझी! तिच्या पायाचं पाणी पिऊन ऱ्हायलेय मी. लाव फोन गावाला."

गावातल्या दुकानात फोन लावला, काकूंना बोलावून आणवलं. मी कसंबसं विचारलं की काकांचं रक्त काढताना काही गडबड झाली का. काकू मोकळेपणाने म्हणाल्या,

"अगं, त्यांचं रगात कुठलं काढतीस? सुई दिसली तरी घाम फुटतूया त्यास्नी. त्यात आजारी माणूस. मग आमचे थोरले जावई म्हणले, मामांच्या जागी मी देतो. तरणंताठं हाईत, चांगली बाटली भरून दिली की. घरचंच रगात. तुला चढवायचं हुतं न्हवं?"

म्हणजे ओसरीवर एका जावयाला पुरणपोळी वाढत होते आणि आत दुसऱ्या जावयाचं रक्त काढत होते. आजारी सासऱ्याऐवजी आपण पुढे व्हायचं, यात त्या बिचाऱ्याने चांगुलपणाच केला होता. कितीतरी महिन्यांनी मी खरी हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आई हसली, प्रकाश हसला. सतीश तर जमिनीवर बसून हसत होता. मग तो हळूहळू थांबला.

"म्हणजे तो हिरवा काकांचा नव्हताच," तो म्हणाला.

खरी बाटली

काका स्वतः नेरूळला आले. तोंड सुजलेलं, पोट पुढे आलेलं, बाबा शेवटी दिसायचे तसेच. "तपासायचंय म्हून सांगितलं असतंस तर आलो नसतो का?" असं मलाच रागावले. रक्त काढताना डोळे गच्च मिटून त्यांनी माझा हात धरला.

त्याच आठवड्यात मी सतीशला म्हटलं, "अजून नको म्हणू शकतोस. माझ्यासाठी म्हणून विचारायला गेलो, पण उत्तर तुझं निघणार आहे."

"आता काय ताई. अर्धं तर कळलंय. अर्ध्यावर झोप येत नाही."

आम्ही दोघंच मुंबईला गेलो. मॅडम टेबलामागून उठून आमच्या बाजूच्या खुर्चीत येऊन बसल्या, तेव्हाच मला कळलं. काकांकडे लाल होता, हिरवा नव्हता. सगळ्या जागा नीट जुळत होत्या.

"शंभरात सत्त्याण्णव, आहे," त्या म्हणाल्या.

"आणि उरलेले तीन?" सतीशने विचारलं.

"त्या तिघांत नसेलही. पण त्यांच्या भरवशावर ऑपरेशन करत नाहीत."

सतीशने त्यांना थँक्यू म्हटलं. बाहेर येऊन मला उसाचा रस घेऊ का विचारलं, मग मला चालत नाही हे आठवून सॉरी म्हणाला. मी त्याच्याकडे बघत होते आणि मला काहीच होत नव्हतं. त्या बधिरपणाची मला त्या दिवशी किळस आली.

आईची

आता आई उरली. काका अजून आमच्याकडेच होते. रात्रीची जेवणं झाल्यावर त्यांनी विषय काढला.

"वैनी, राग मानू नका. एकच किडनी देता येती माणसाला. पुढं पोराला लागंल. लेक दिल्या घरची हाय, तिचं तिच्या घरचं बघतील. पोरगा तुमचा हाय."

प्रकाश मान खाली घालून बसला. मला काकांचा राग आला, आणि त्याहून जास्त राग आला तो, ते म्हणाले तेच माझ्याही मनात दिवसभर घोळत होतं याचा. मी तोंड उघडणार तेवढ्यात आई बोलली. ताटं गोळा करता करताच बोलली.

"सतीशला लागंल तवा मी सत्तरीची असंन भावजी. तवा माझी घेत्यात व्हय कुणी? आन् त्याच्यासाठी सांभाळून ठिवायची, तर तवर हिला काय म्हनू? जा म्हनू?"

तिने ताटं मोरीत ठेवली आणि सतीशसमोर येऊन उभी राहिली.

"बाळा, तुझ्या येळंला माझ्याकडं द्यायला काय नसंल. हे मी आज तुझ्या तोंडावर सांगते."

"दे तिला, आई," सतीश म्हणाला. "मी कुठे मागतोय?"

तो उठून खाली गेला. आई पदराला हात पुसत उभीच राहिली. मी रडले ते तेव्हा. सोनोग्राफीपासून पहिल्यांदा.

पाणी

बीपी काबूत आणायला दोन महिने गेले, मग ऑपरेशन झालं. आईचं मूत्रपिंड माझ्या पोटात गेल्यावर लगेच कामाला लागलं. आईला रिकामं बसायची सवय नाहीच. तिसऱ्या दिवशी नर्सने मला भरलेला पेला दिला आणि सगळा पी म्हणाली. पलीकडच्या खोलीतून आईने निरोप पाठवून विचारलं, पिली का सगळा? पिले. पाण्याला चव अशी नव्हती. पण मी आणखी मागितला आणि तो मिळाला.

ज्यांच्या घरात अशी तपासणी व्हायची असेल त्यांना मी एकच सांगेन. रक्त कशाला हवंय हे प्रत्येकाला बसवून नीट सांगा, आणि काढताना स्वतः समोर उभे राहा. आणि उत्तर ज्याच्या अंगावर येणार आहे त्याला आधी विचारा.

चार वर्षं झाली. मी ऑफिसला जाते, रोज मूठभर गोळ्या घेते. विठ्ठलकाका ऑपरेशनच्या पुढच्या वर्षी गेले. सतीश दर वर्षी सोनोग्राफी करतो आणि मी बरोबर जाते. तीन वर्षं स्वच्छ आली. दर वेळी आई दारात उभी असायची आणि स्वच्छ म्हटलं की म्हणायची, "त्या तिघांतला हाय माझा. मशीन काय देव हाय?"

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी यंत्र एका जागी जरा जास्त वेळ धरलं. डाव्या बाजूला दोन गाठी, उजव्या बाजूला एक. बारीक आहेत, म्हणाले, अजून वीस वर्षं काही होणार नाही कदाचित, बीपी सांभाळा. आम्ही रिक्षाने घरी आलो. वाटेत सतीश दुकानातल्या कुठल्यातरी गिऱ्हाइकाबद्दल बोलत होता.

आई दारात होती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणाले?"

सतीश चपला काढायला वाकला होता, तो तसाच वाकलेला राहिला. माझ्या पोटात उजवीकडे, जिथे आईने दिलेलं आहे तिथे, टाके ओढल्यासारखं झालं.

"काही नाही आई," मी म्हटलं. "स्वच्छ आहे."